नाहीबाईचा होकार

सोमवार, २ सप्टेंबर

पोचले. खोली अपेक्षेपेक्षा बरी निघाली. दोन खिडक्या, एक भलंमोठं कपाट आणि एक टेबल. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली ताईने पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली आहे. ती जिन्यातच उभी होती. माझी बॅग हिसकावून घेत म्हणाली, पुस्तकं भरलीस की दगड? मी म्हटलं, दोन्ही. सख्ख्या बहिणी एका ऑफिसात आणि एकाच खोलीत, त्यामुळे आईच्या मते आता तिला निवांत झोप लागायला हरकत नाही.

नोकरी ताईच्याच ऑफिसातली. जागा निघाल्याचं कळल्यावर मी तिला सहज विचारलं होतं, येऊ का? तसं मी कुठे जायला पटकन तयार होत नाही. कशालाही माझा पहिला शब्द 'नाही' असतो, म्हणून घरात माझं नावच नाहीबाई पडलं आहे. पण ताईचा निरोप आला : 'ये. इथे काही त्रास नाही. मी आहेच.' इतकं गोड ती सहसा लिहीत नाही. म्हणून आले.

ती वाळली आहे. काहीही विचारलं की क्षणभर थांबते, मग हो म्हणते. चहा? हो. खिडकी उघडू? हो. लावू? हो. वर्षभरात ताई किती समजूतदार झाली गं, असं आई कौतुकाने सांगत असते. मला ते कौतुक नीटसं कळलं नव्हतं. अजूनही कळत नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

काम समजलं. आमचा सर्व्हर औषधांच्या गोदामांतला साठा सांभाळतो. ठिकठिकाणच्या औषध-दुकानांत जावा या संगणकभाषेत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम आहेत, ते आमचे बाहेरचे क्लायंट. दुकानदार विचारतो, अमुक गोळ्या आहेत का? प्रश्न नेटवर्कवरून सर्व्हरकडे जातो आणि उत्तर परत येतं. नव्या दुकानांची ही जोडणी मी करायची.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की दुकानातल्या प्रोग्रॅमला वाटतं, उत्तर देणारा आपल्या शेजारीच बसला आहे. कारण सर्व्हरचा एक प्रतिनिधी त्याच्याजवळ ठेवलेला असतो. त्याला स्टब म्हणतात. बाहेरून तो हुबेहूब खऱ्यासारखा, आत मात्र काही नसतं. विचारलेलं तिकडे पोचवायचं आणि तिकडून आलेलं इथे बोलायचं, बस. शेजारच्या खुर्चीतला सहकारी म्हणाला, म्हणजे आमच्या घरातला मीच की! बायकोला विचारून सांगतो, याउपर मला काम नाही. याला सगळे वकील म्हणतात. कॉफीच्या यंत्राशीसुद्धा वाद घालतो.

सर्व्हर आहे कुठे, असं विचारलं. बरेचदा हलवला, आता नक्की कुठल्या इमारतीत आहे ते कुणालाच सांगता येईना. विभागाच्या मॅडम म्हणाल्या, हाक मारली की ओ देतोय ना? मग झालं तर.

मला पत्ता ठाऊक असलेला आवडतो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

इथली एक रीत आहे. दुकानं जोडायला घेण्याआधी नव्या माणसाने स्वतःचा एक क्लायंट चालवायचा, तोही टोपणनावाने. आणि सर्व्हरला उलटा कॉल करायची मुभा द्यायची. आपण त्याला विचारतो तसं त्यानेही आपल्याला विचारावं, साठा बदलला, कळलं का, वगैरे. चाचणीपुरती आपल्या बाजूची उत्तरं कुणी खरीखुरी लिहीत बसत नाही. काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं, अशी एक ओळ टाकून मोकळे होतात. आळस आहे, पण या धंद्यात सर्रास चालतो. चाचणी संपली की ती ओळ आठवणीने काढायची, एवढंच.

माझा क्लायंट मशीनवर तयारच होता. नावाच्या जागी 'नाहीबाई'. ताईचा खोडकरपणा. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. मी वळून पाहिलं तर खिडकीबाहेर बघत होती. मी ती 'हो'ची ओळ टाकली आणि क्लायंट चालवला. सर्व्हरने लगेच ओ दिली.

संध्याकाळी चहा टाकताना तिला विचारलं. नको म्हणाली. लगेच, न थांबता. मग स्वतःशीच पुन्हा म्हणाली, नको. आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी महिन्यांनी तिचं ते जुनं, नाकातलं हसू ऐकलं. मलाही बरं वाटलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

ताई गेली. दुसऱ्या शहरात दुसरी नोकरी. राजीनामा मी यायच्या आधीच दिलेला होता, हे मला मॅडमकडून कळलं. मी विचारलं, मग मला कशाला बोलावलंस? ती चप्पल शोधत राहिली. चप्पल समोरच होती. शेवटी म्हणाली, चिडू नकोस गं.

मी चिडत नाही. लक्षात ठेवते.

रविवार, १५ सप्टेंबर

आईचा फोन. आवाज फुललेला. परवा इतकं मोकळेपणी बोललीस, म्हणाली, माझा दिवस गोड झाला बघ.

मी परवा बोललेच नव्हते.

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. बाबांचं घर विकायला काढू का असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हणे अगदी प्रेमाने हो म्हणाले. मामाला तर खरंच वाटेना, नाहीबाई नमली म्हणून. हे घर विकायला मी गेली तीन वर्षं नाही म्हणते आहे. त्या एका गोष्टीवर मी कधीच हलले नाही.

फोनमध्ये पाहिलं. परवाचा कॉल आहे. माझ्याच फोनवरून गेलेला, चांगला लांबलचक.

सोमवार, १६ सप्टेंबर

चाचणीची ती ओळ काढायची राहिली होती. आज काढायला गेले, तर क्लायंट बंद होईना. पडद्यावर एकच उत्तर येत होतं : कॉल चालू आहे. मला कुठलाच कॉल दिसत नव्हता. म्हणून पलीकडून येणारे प्रश्न पडद्यावर उमटतील अशी सोय केली आणि वाट पाहत बसले.

ऐकू येतं का? हो.

आई म्हणतात ती हीच का? हो.

तुझ्याऐवजी मी बोलू का? हो.

'हो' माझेच. माझ्याच एका ओळीने दिलेले.

वकिलाला दाखवायला बोलावलं, तोवर पडदा कोरा. तो म्हणाला, तुमच्या ताईही अशाच पडद्याकडे बघत बसायच्या. त्यांना काही विचारलं की उत्तर गावाला वळसा घालून यायचं. मग त्याने मला विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. मग 'हो' आलं. तो हसून म्हणाला, झालं! तुम्हीही वळसा घेतलात.

बुधवार, १८ सप्टेंबर

मशीन बंद केलं. तार उपटून खणात ठेवली. उपयोग नाही.

मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, राहिलेली दुकानं तूच जोडणार ना? मी मनात 'नाही' जुळवलं. स्वच्छ, एका शब्दाचं. बाहेर 'हो' पडलं. आवाज माझाच होता, पण गोड. मी इतकी गोड नाही.

नियम शोधून काढला. आपणहून बोलते ते माझं असतं. कुणी काही विचारलं, की त्याचं उत्तर माझं नसतं. ते तिकडून येतं. मी फक्त पोचवते.

बाहेरून हुबेहूब, आत काही नाही — हे मीच लिहिलं होतं, हसत हसत.

ही वही मला काही विचारत नाही. म्हणून ही अजून माझी आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आपणहून आईला फोन केला. तिला बोलूच न देता सांगितलं, घर विकायचं नाही. ती म्हणाली, अगं, थट्टा करतेस ना?

हो म्हणाले.

मग ताईला लावला. म्हटलं, तुला ठाऊक होतं. ती रडायला लागली. म्हणाली, हो, ठाऊक होतं. दुसरं कुणी ओ देईपर्यंत तो पहिलीला सोडत नाही, हेही. म्हणून तर तुला 'येऊ नकोस' असं कळवलं होतं. शपथेवर सांगते, येऊ नकोस असंच लिहिलं होतं मी.

निरोप माझ्यापुढे होता. मी तो तिला वाचून दाखवला. ये. इथे काही त्रास नाही. मी आहेच.

मग म्हणाली, तो क्लायंट मी केला नव्हता, आपोआप तयार होता. मी फक्त गप्प बसले. तुला जिन्यातूनच परत पाठवायला हवं होतं. पण थकले होते गं, फार थकले होते.

खोटारडी. निरोप पाठवताना थकली नव्हती.

लहानपणी झोपाळ्यावरून पडले तेव्हा हिनेच धरलं होतं. खुर्चीमागे उभी होती. माझ्या खुर्चीमागे उभी राहून — खिडकीबाहेर —

शनिवार, २१ सप्टेंबर

आईचे कागद आले. सही करतेस ना, असं वर लिहिलेलं. सही झाली. मी पाहत होते.

बोलणं बंद केलं आहे. दार वाजलं तरी उघडत नाही. माणसं किती प्रश्न विचारतात. कशी आहेस, जेवलीस का, येतेस का. सगळ्यांना हो —

सगळे खूश आहेत माझ्यावर. कुणाच्याही लक्षात आलं नाही. एकाच्याही नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर

चिमणीचा निरोप. धाकटी मावसबहीण, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. तुमच्याकडे जागा आहे म्हणे, मी येऊ का ताई?

नाही. या वेळी बोलायचं नव्हतं, लिहायचं होतं. एकेक अक्षर बघून टाइप केलं. येऊ नकोस. इथे अजिबात येऊ नकोस. पाठवलं.

तिचं उत्तर आलं. थँक्यू ताई! वाटलंच होतं तू हो म्हणशील. निघालेच.

पाठवलेलं उघडून पाहिलं.

'ये. इथे काही त्रास नाही. मी आहेच.'

तेच. शब्दन् शब्द तेच.

म्हणजे ताई खोटं —

मंगळवार

ताई फोन उचलत नाही.

चिमणीला आपणहून लिहिलं, येऊ नकोस. ती म्हणते, घाबरवतेस का नाहीबाई? हो गेलं. तिला हसू —

ऑफिसात माझ्या शेजारच्या मशीनवर एक क्लायंट तयार आहे. मी केला नाही. नाव 'चिमणी'.

बुधवार

आज येते आहे. जिन्यात जाऊन उभी राहणार. तिने काही विचारायच्या आत सांगायचं. माघारी फिर. मोठ्याने. हात धरून खाली —

पण मला झोप नाही. इतकी दमले आहे. तिने ओ दिली की मला घर परत, माझं 'नाही' परत, सगळं — नको. हा विचार नको. ताईने हाच केला. मी ताई नाही.

जिन्यातूनच परत पाठवायचं. पाठवेन ना मी?

हो गं, पाठवशील की. आता जरा पड तू. दार मी उघडते, मी आहेच —