राह्यलेला अर्धा तास

प्रमोदचे बाबा,

तुमाले पत्र लिहाची मले सवय नाही. चाळीसच्या वर वर्षं आपण एका छपराखाली राह्यलो, पत्र लिहाइतकं दूर कोण गेलतं? पण परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे, अन् मंगळवारी मी तो स्टेशनवरच्या बाईचा पिक्चर शेवटपर्यंत पाह्यला. आता हे तुमाले नाही सांगणार तर कोणाले सांगू?

मी कुठं आहे ते आधी ऐका. वणीले आहे, प्रमोदच्या फ्लॅटमधी, तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी मी न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं अन् प्रमोद मले 'दोन महिन्यांसाठी' इथं घेऊन आला. त्या दोन महिन्यांचे आता आठ झाले.

लिफ्ट नाही. प्रमोद सकाळी राजूरले खाणीवर ड्युटीले जाते, सूनबाई तिच्या शाळेत जाते, अन् जाताना बाहेरून कुलूप लावते. एकदा मी वॉकर घेऊन जिन्यापाशी जाऊन उभी राह्यलती, तवापासून. चावी समोरच्या काकूपाशी असते, काही लागलं तर फोन करा म्हणतात. काय लागणार आहे? जेवण झाकून ठेवलेलं असते. गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवले आहेत. गॅलरीत उभी राह्यली की कोळशाचे ट्रक दिसतात, ताडपत्री बांधलेले, एकामागं एक. दांडीवरचा पांढरा टॉवेल संध्याकाळपर्यंत राखेच्या रंगाचा होते. मी तो रोज झटकते.

कोणी वाईट वागत नाही, हेच तर अवघड आहे. वाईट वागले असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. तुमाले माहीत आहे मी कशी आहे.

मंग सूनबाईनं टीव्हीशी बोलाचं शिकवलं. रिमोट तोंडापाशी धरून पिक्चरचं नाव सांगाचं, तो बिचारा शोधून देते. मधातच विचारते, 'तुम्ही अजून पाहत आहात काय?' बाहेरून कुलूप आहे बाप्पा, पाहीन नाही तर जाईन कुठं?

पहिले आठ दिवस मी नवे पिक्चर पाह्यले. नव्यात सगळे हळूहळू बोलतात अन् अंधारात बोलतात. लाइटबिल वाचवून राह्यले की काय कोण जाणे. मंग एक दिवस बसल्या बसल्या मनात आलं, आपले अर्धवट राह्यलेले पिक्चर काहून नाही पाहाचे?

आठवते काय तुमाले? शिवणकामासाठी दोरा, बटणं, अस्तर आणाले पंधरा दिवसातून एकदा पांढरकवड्याले जा लागे. मी एकाआड एक खेपेले संग येई. खरेदी झाली की तीनचा शो. अन् आपल्या गावाची मुक्कामी गाडी साडेपाचले सुटे, ती गेली की थेट दुसऱ्या दिवशी. म्हणून सव्वापाच वाजले की तुम्ही माझा दंड दाबत, 'चाल'. पडद्यावर कोणी मरून राह्यलं असो की कोणाचं लगन लागून राह्यलं असो. लोकांच्या शिव्या खात, गुडघ्यांमधून वाट काढत आपण बाहेर. लग्नापासून टॉकीज बंद पडेपर्यंत आपण एकाही पिक्चरचा शेवट पाह्यला नाही.

पण तुम्ही शेवट घेऊन येत. पुढच्या बाजारी एकटे गेले की टॉकीजसमोरच्या पानठेलेवाल्याले विचारून येत. मी चहा ठेवी. तुम्ही मशीनवर बसून, एक हात चाकावर ठेवून सांगत. गल्लीतल्या बायाही ब्लाउजचं निमित्त करून येत अन् उंबऱ्यात बसून ऐकत. मले तर वाटे, पिक्चरपेक्षा तुमचं सांगणंच चांगलं आहे.

तर मी एकेक लावत गेली, दिवसाले एक. तुमची मापाची वही येताना संग आणलती. निम्मी कोरी आहे, छाती, कंबर, उंची असे रकाने तुमच्या हातचे आखलेले. त्यातच मी रोजच्या पिक्चरचं लिहिते. हे पत्रही त्यातच लिहून राह्यली.

पहिला लावला तो दोन भावांचा. तुम्ही सांगतलं होतं, दोघं नदीवर भेटतात, गळ्यात पडतात, अन् मोठा लहान्याले आपला सदरा घालून देते. कुठचं काय! लहाना मरते. नदीही नाही, एका गोदामात मरते. मोठ्याचं काम करणाऱ्याले रडता येत नाही, नाकपुड्या फुगवते नुसत्या. वहीत मी लिहिलं: तुमचा शेवट बरा होता, सदरा तर पाह्यजेच होता.

दुसऱ्या दिवशी वकिलाचा. तुमच्या हिशोबानं जज स्वतः खाली उतरून त्या म्हाताऱ्याचे हात धरते. खऱ्यात म्हाताऱ्याले फाशी होते अन् वकील पायऱ्यांवर बसून सिगरेट ओढते. हा शेवट मले पटला, पण जेवण गेलं नाही.

तिसरा तो जत्रेत पोरगी हरवते तो. तुम्ही म्हणाले होते, शेवटी एक तांबडा कुत्रा येते, पोरीच्या फ्रॉकचा वास घेते अन् तिले शोधून काढते. किती रंगवून सांगतला होता तो कुत्रा, एका कानाचा. मी डोळे फाडून पाहून राह्यली. पिक्चर संपला. कुत्रा आलाच नाही. माझाच डोळा लागला असन म्हणून मी मागं नेऊन परत पाह्यला. तरी नाही. पोरगी पोलिसचौकीत बिस्किट खात बसली होती.

त्या दिवशी मी एकटीच्या घरात इतकी हसली की समोरची काकू चावी घेऊन धावत आली. तिले काय सांगू? वहीत लिहिलं: पानठेलेवाला पिक्चर पाहतच नव्हता. त्याच्यापाशी तुम्ही पान खात होते अन् येताना गाडीत शेवट रचत होते. अर्धवट कापड आणलं की तुमच्या हाताले चैन पडत नव्हती, ते मले समजते. कोणी मरू नये, सगळे घरी यावे, बायांनी उंबऱ्यातून हसत उठावं. इतकंच होतं ना?

स्टेशनवरच्या बाईचा पिक्चर मी वीस दिवस लावला नाही. काहून ते तुमाले माहीत आहे.

प्रमोद दीड वर्षाचा होता. मले नर्सच्या ट्रेनिंगचा कागद आलता, यवतमाळले दीड वर्ष राहाचं. कागदावर माझं नाव टाइप केलेलं होतं, सुमन. तुम्ही मले कधी नावानं हाक मारली नाही, 'ऐकलं काय' म्हणत, म्हणून मी ते नाव घडीघडी काढून पाहत होती. तुमच्या आईनं पोराले सांभाळते म्हणून सांगतलं होतं. तुम्ही 'जाय' म्हणाले नाही, 'नको' म्हणाले नाही. म्हणाले, 'तुले जसं वाटते तसं कर.'

त्याच आठवड्यात आपण तो पिक्चर पाह्यला. नवऱ्याचं घर सोडून मास्तरीण व्हाले निघालेली बाई. पेटी घेऊन स्टेशनवर उभी, गाडी येऊन राह्यली, अन् तुम्ही माझा दंड दाबला. त्या बसमधी आपल्या गावापर्यंत मी, बाई गाडीत चढली की नाही, हेच मनात घोळवत आली.

पुढच्या बाजारी तुम्ही शेवट आणला. म्हणाले, तिथं स्टेशनवर एक लहान पोरगं रडून राह्यलं होतं, कोणाचं होतं देव जाणे, 'आई आई' करून. त्याले पाहून तिनं पेटी खाली ठेवली. गाडी निघून गेली अन् ती घरी आली. हे सांगून तुम्ही मशीन चालू केली. मी चहाचा कप उचलला, आत गेली, अन् तो कागद पेटीच्या तळाशी ठेवला. मी सगळ्याले सांगत आली की हा माझा निर्णय होता. मलेही तसंच वाटत होतं.

मंगळवारी मी तो लावला. सव्वापाचची जागा आली, बाई पेटी घेऊन उभी. मी वॉकर धरून उठली अन् टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राह्यली. हमाल होता, चहावाला होता, झेंडीवाला होता. पोरगं नव्हतं. तीनदा मागं नेलं. कुठंच पोरगं नव्हतं. बाई गाडीत बसली. नवरा धावत आला, तिनं खिडकीतून हात हलवला अन् उतरली नाही. मंग एक शाळा दाखवतात, ती घंटा वाजवते, पोरं आत जातात, अन् ती पायरीवर बसून एकटी चहा पिते. संपला.

मले राग आला. अजून आहे. तुम्ही 'जाऊ नको' म्हणाले असते तर मी भांडली असती, रडली असती, कदाचित गेली असती, कदाचित थांबली असती. पण तुम्ही मले भांडाले जागाच ठेवली नाही. दुसऱ्याचे शेवट तुम्ही त्यांच्या मापाचे शिवले. हा एकच माझ्या मापाचा नव्हता, तुमच्या मापाचा होता. अन् तो घालून मी इतकी वर्षं हिंडली. कुठं काचते ते कळलं नाही, म्हटलं आपलंच अंग तसं असन.

वाईट संसार केला असं नाही म्हणत मी. तुम्ही गेले त्या सकाळी मशीनवर अर्धा शिवलेला झबला होता, तो मी अजून काढू दिला नाही. पण हे विचारल्याशिवाय मले राहवत नाही. ते रडणारं पोरगं तुम्ही प्रमोदसाठी घातलं होतं, की तुम्हीच होते ते?

बुधवारी रोशनी आली. ती पायाचा व्यायाम घ्याले येते, तांड्यावरची पोरगी आहे, मले याडी म्हणते, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी तिले म्हटलं, शनिवारी वर्षश्राद्ध गावाले आपल्या घरी व्हावं असं मले लय वाटते, मशीन आहे तिथं. पण इथंच करू म्हणते प्रमोद, डॉक्टरनं मले जिना उतराले अजून सहा महिने मनाई केली आहे ना.

तिनं हातातला माझा पाय खाली ठेवला. 'याडी, डॉक्टरनं तर मागच्या महिन्यातच जिना चालू करा म्हणून सांगतलं. कागदावर लिहिलं आहे. भाऊ बोलले नाहीत काय?'

ती गेल्यावर वहीत त्या दिवशीच्या पिक्चरची जागा कोरी ठेवली.

संध्याकाळी प्रमोद जेवाले बसला. मी म्हटलं, 'शनिवारी गावाले जाऊ.'

'आई, डॉक्टर म्हणाले...'

'डॉक्टर काय म्हणाले ते मले माहीत आहे. तू काय म्हणतं ते सांग.'

त्यानं घास तसाच ताटात ठेवला. सूनबाई पाणी आणाच्या निमित्तानं आत गेली. मले वाटलं आता हा रागावते. पण तो खाली मान घालून म्हणाला, 'बाबा गेले तवा मी नव्हतो. तू पडली तवा मी नव्हतो. तू तिथं एकटी राह्यली अन् काही झालं तर? मले भेव वाटते आई. ड्युटीवर असलो की फोन वाजला तरी भेव वाटते. कुलूप असलं की वाटते, आहे तिथं आहे.'

प्रमोदचे बाबा, किती वर्षांनी आपल्या घरात कोणी असं सरळ बोललं. मी त्याले म्हटलं, 'हे बोल ना मंग. हे तुझं आहे. याच्यावर मले भांडता येते.' अन् मी भांडली. कशी भांडली. मी म्हटलं, पडली तर पडीन, पण आहे तिथं आहे असं माझ्याबद्दल म्हणू नको, ते मशीनबद्दल म्हणतात. मी म्हटलं, श्राद्ध झाल्यावर मी इथं येईन की तिथंच राहीन ते मी तिथं जाऊन ठरवीन. तो म्हणाला, मले पटत नाही. मी म्हटलं, नको पटू. दोघंही रडलो अन् उरलेली भाकर कोणीच खाल्ली नाही.

आज सकाळी दोघं गेले. मी कुलपाच्या आवाजाची वाट पाहून राह्यली. आवाज आला नाही. बाहेर येऊन पाह्यलं तर दार नुसतं लोटलेलं, अन् चावी टीव्हीपाशी, डॉक्टरच्या कागदावर ठेवलेली.

तवापासून मी या खुर्चीवर बसून आहे. चप्पल पायात आहे. दार उघडं आहे. अन् मले उठवत नाही. कुलूप होतं तवा मी कितीदा मनातल्या मनात खाली उतरून बसस्टँडवर गेली. आता जिना समोर दिसते अन् मी नुसत्या पायऱ्या मोजत बसते. आता कोणाच्या नावानं बोटं मोडू? म्हणून तुमाले लिहाले बसली.

रोशनी अकराले येते. तिच्यासंग आज एक जिना उतराचा, उद्या दोन, अन् परवा सकाळी खाली. प्रमोद गाडी काढतो म्हणाला नाही, नाही काढत असंही म्हणाला नाही. नाही काढली तर वणीहून पांढरकवड्याची बस आहे, अन् श्राद्धाले सांज झाली तरी चालन, मुक्कामी गाडी अजून साडेपाचलेच सुटते म्हणतात.

एक वचन देते तुमाले. पोचली तर पोचली म्हणून सांगीन. चौथ्या पायरीवरून परत फिरली तर तसंच सांगीन. हा शेवट मी माझ्या तोंडानं सांगीन, जसा होईन तसा. मधात कुत्रा घालणार नाही, अन् रडणारं पोरगंही नाही.

कागदावरच्या नावाची,
सुमन