आप्पांसाठी आणलेला दगड

कळंब, माघ, फसली सन १३५२. मंगळवार, संध्याकाळ.

सासरच्या विहिरीत सुरुंग लावला, तेव्हा काळ्या खडकाच्या पोकळीत सुयांसारखे स्फटिक निघाले. आप्पांना जन्मभर दगड जमवायचा नाद, म्हणून त्यातला एक दगड कापसात गुंडाळून माहेरी आणला. पण आता त्यांची दृष्टी गेलीय. द्यावा की नको? आई म्हणाली, "नको गं, जिवाला लागंल त्यांच्या."

तरी हातात दिलाच. त्यांनी सुयांवरून अलगद बोट फिरवलं. "खडक निवताना बुडबुडा राहिला, त्यात पाणी झिरपून हे वाढलं. रंग कसलाय?"

"पांढरा."

"नुसता? उजेडात धर की."

धरला. टोकांना फिकट हिरवी झाक होती. मला आधी दिसलीच नव्हती. सांगितलं तसे आप्पा लई हसले. "माझ्या पेटीतले सगळे दगड काढ. एकेक सांग मला."

थोड्या वेळानं आईही येऊन बसली.