नडगीची चौकशी

६ जानेवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

काम असल्याशिवाय ही पत्र लिहायची नाही, असं तू म्हणशील. बरोबरच आहे. सहा वर्षं मी अग्निशमन केंद्रात फोनच्या टेबलाशी बसते आहे. कुठे आग लागली की पत्ता विचारायचा, घंटा दाबायची आणि बाहेर पडणारी गाडी खिडकीतून बघायची. आता मला त्या गाडीत बसायचंय. खात्यातल्या लोकांसाठी तीस मार्चला परीक्षा आहे. सोळाशे मीटर दहा मिनिटांच्या आत पळायचं, बाकीचं त्यानंतर. वयाची अट तिशीच्या आतली आणि मे महिन्यात मला तीस पूर्ण होतायत. म्हणजे पहिली संधी तीच शेवटची.

काल मैदानाला एक फेरी मारून पाहिली. अर्ध्यातच जीव घशाशी आला. जवानांनी टाळ्या वाजवल्या, त्या कौतुकाच्या नव्हत्या. तू शाळेत तीस वर्षं पोरं पळवलीस, आता एक भाची पळव. आईला सांगितलंय. ती काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली.

तुझी,
खार

११ जानेवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

एक मिनिट सावकाश पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. एक दिवस आड. दर आठवड्याला पळणं थोडंसंच वाढवायचं. जागा मातीची हवी. पावलं लहान टाक, पाय शरीराच्या फार पुढे फेकू नकोस. बूट पळण्याचेच घे. रोज पायरीवर उभी राहून टाचा उचल, वीस-वीस वेळा. पळताना सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे, पण तुझ्या बाबतीत ही कसोटी कुचकामी आहे. तू बुडतानाही बोलशील.

मधे चालायची लाज वाटेल. ती गिळायची. नवशिक्याचा दम महिन्याभरात वाढतो, हाडं मात्र आपल्या चालीने मागून येतात. पोरं दमाच्या भरवशावर पळत सुटतात आणि नडगी धरून बसतात. दुखलं तर लगेच कळव.

तुझ्या आईला सांभाळून घे. बोलली नाही म्हणजे तिला पसंत नाही.

तुझा,
मामा

१२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

खार तुला सगळं ठीक चाललंय म्हणून लिहीत असेल. काही ठीक नाही. गेले दहा दिवस ती जिना उतरताना कठडा धरते. विचारलं तर म्हणते, खुर्चीत बसून पाय अवघडला. शेवटी केंद्रातल्या ड्रायव्हरची बायको बाजारात भेटली, तिच्याकडून खरं कळलं. एक दिवस आड वगैरे काही नाही, ही रोज पळते. तेही सिमेंटच्या आवारात आणि जवानांचे जड बूट घालून. जड बुटांची सवय झाली की परीक्षेच्या दिवशी पाय आपोआप हलके पडतील, असं तिचं गणित. चालायला मात्र मधे एकदाही थांबत नाही, कारण जवान बघत असतात.

तूच तिला काय ते खडसावून सांग. माझं ऐकायचं तिने दहावीतच सोडलं.

बाकी क्षेम. तुझा लोभ आहेच.

तुझी धाकटी

१६ फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं. अकलेचा कांदा आहेस, एवढंच लिहून पुढे जातो.

फोनवर कुणी थोडंसंच जळतंय म्हणालं तर तू गप्प बसत नाहीस. नक्की कुठे, कधीपासून, पसरतंय का, आत कोणी आहे का, हे विचारतेस. आता तीच चौकशी स्वतःच्या पायाची कर. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरव. दुखणं वीतभर पसरलंय की एकाच बोटाखाली टोचतंय? नुसतं बसलं असतानाही ठणकतं का? तसं असेल तर पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, मग परीक्षा गेली खड्ड्यात. पसरलेलं असेल तर दहा दिवस एक पाऊलही पळायचं नाही. सायकल चालव. चालताना काही दुखत नाही अशी खात्री झाली की पुन्हा एका मिनिटापासून सुरुवात.

एवढ्यात जमेल का, ते मला सांगता येत नाही. खोटा धीर देणार नाही.

मामा

२ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

चौकशीचा अहवाल. ठिकाण डावी नडगी, घोट्याच्या वर चार बोटं, तिथून वीतभर. सुरुवात दोन फेब्रुवारीला. आधी पसरत होतं, आता नाही. आत कोणी आहे का, तर मी आहे. डॉक्टरांनाही दाखवलं, हाड शाबूत आहे. बूट ज्याचे त्याला परत केले.

दहा दिवस सायकल चालवली. त्यातल्या एका दिवशी सायकल भिंतीला टेकवून मी रडले, हेही लिहून ठेवते. आज पुन्हा एक मिनिट पळाले, दोन मिनिटं चालले, जवानांच्या डोळ्यांदेखत. दुखलं नाही. अठ्ठावीस दिवस उरलेत. जन्मभर नुसती गाडी बघत बसावं लागेल, याची मला फार भीती वाटते.

रागावलेल्या मामाचाही लोभ असावा.

तुझी,
खार

९ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

खार पास झाली. नऊ मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. तार, फोन काही न करता ती तुला सविस्तर लिहिणार होती, पण तिला आता वेळ कुठला. मी कुंपणाशी उभी होते. तिसऱ्या फेरीत दोघीजणी तिच्या पुढे गेल्या, तरी ती आपल्याच चालीने पळत राहिली. मी सगळा वेळ फक्त तिचा डावा पाय बघत होते.

मंगळवारी दुपारी ती शिकाऊ म्हणून पहिल्यांदा गाडीतून गेली. कुठल्यातरी गोदामाला आग लागली होती. मला राहवेना म्हणून केंद्रात फोन केला, तर तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीने मला नम्रपणे फोन मोकळा ठेवायला सांगितलं. पाचला खार घरी आली. अंगाला धुराचा वास, तोंड काळं. जेवली आणि झोपली.

दादा, फेब्रुवारीत मी तुला पत्र लिहिलं, ते तिची नडगी वाचावी म्हणून नव्हतं. तू पळणं बंद कर म्हणशील, परीक्षा हुकेल आणि पोरगी फोनपाशीच सुखरूप राहील, असा माझा हिशेब होता. तू तिचा पायच बरा केलास. तुझ्यावर मी आठवडाभर मनातून चिडलेही होते.

हे तिला कधी कळू देऊ नकोस. काल जेवताना ती म्हणाली की आई, तू मामाला वेळेवर लिहिलंस म्हणून मी गाडीत बसले. मी मान डोलावली आणि तिला आणखी भात वाढला.

रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी धाकटी