मोटारीला मुशीचं तेल

मुरुड, जिल्हा कुलाबा
१२ मे १९५६

तीर्थरूप दादांना सगुणेचा नमस्कार, आणि वहिनींना तोच, थोडा जास्त वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? भायखळ्याला मोटारी रंगवताना उकिडवं बसू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते ऐका. आम्ही खुशाल आहोत. (म्हणजे ताप-खोकला नाही, एवढंच.)

आमची काळी टॅक्सी ह्यांनी गेल्या वर्षी नव्यानं रंगवून घेतली. पण इथला खारा वारा रंगाला सुखानं जगू देत नाही. दिवाळीपर्यंत मडगार्डावर गंजाचे फोड आले. मग रंगावर काय चढवावं, ह्याची घरात चार महिने चर्चा. हे म्हणत मेणाचं पॉलिश. पण ते मुंबईहून मागवा आणि दर महिन्याला घासत बसा. शेजारच्या सुतारानं वार्निश सुचवलं. एका दारावर लावून पाहिलं, तर उन्हानं पिवळं पडून पापडासारखं फुगलं. तेवढ्यात अंबाजी कोळी ओटीवर येऊन म्हणाला, "होरीला आमी दरवर्सी मुशीचा तेल लावताव. खारा पानी लाकराला शिवत न्हाय. तुमचे पत्र्याला काय करनार हाय?" झालं! सबंध गाडीला मुशी माशाचं तेल लागलं. अशी चकाकली की मी तिच्यात बघून कुंकू नीट केलं.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या दिघीहून तरीनं येणारं वऱ्हाड आगरदांड्याला उतरवून घ्यायचं होतं. (वरपक्ष कांदासुद्धा न खाणारा.) वाटेतली सगळी धूळ तेलाला चिकटली आणि काळी गाडी धक्क्यावर तांबडी होऊन पोचली. नवरदेव पांढऱ्या कोटात दाराला टेकला, तर त्याच्या पाठीवर दार उमटलं. उन्हात वास असा सुटला की त्याच्या आत्याबाई तिथंच ओकल्या. धक्क्यावरची मांजरं बॉनेट चाटू लागली. नवरदेवाचे मामा गरजले, "ही अक्कल कुणाची?" हे हात जोडून म्हणाले, "माझीच." वऱ्हाड एस.टी.नं गेलं.

तेव्हापासून लग्नाची एक वर्दी नाही. हे सकाळी ओढ्यावर जाऊन सोड्यानं गाडी घासतात, आणि गाडी विकून मुंबईला कुणाकडे ड्रायव्हर म्हणून राहतो म्हणतात.

तुमची धाकटी,
सगुणा

ता.क. एक सांगायचं राहिलं. ती अक्कल माझी. ह्यांनी तेल नको म्हटलं होतं. हे अलिबागला गेले असताना मीच अंबाजीच्या घरून डबा आणून गाडी चोळली. आल्यावर ह्यांनी वास घेतला, माझे कोपरापर्यंत तेलकट हात पाहिले आणि "चमकते मात्र झकास" एवढंच म्हणाले.

दुसरा ता.क. मडगार्डाच्या आतल्या बाजूला जिथं तेल लागलं तिथं गंज खरंच थांबलाय. तेव्हा दादा, जाणते कारागीर म्हणून ह्यांच्या नावानं पत्र घाला की आतून तेल आणि बाहेरून मेण हीच रीत, चूक निम्मीच झाली, गाडी विकण्याजोगी नाही. माझं नाव मात्र काढू नका. अंबाजीच्या बायकोनं, आवडाबाईनं, सगळ्या बाजारात खरं सांगून टाकलंय, पण ते ह्यांना ठाऊक नाही. हे अजून भेटेल त्याला "माझीच अक्कल" म्हणून सांगतात, आणि मुरुडची माणसं मान डोलावून ऐकून घेतात.