साडूचा फोटो खाली उतरलाच पाहिजे

७ जानेवारी
सासुरवाडीला जाऊन आलो. हॉलमध्ये सोफ्याच्या बरोब्बर वर साडूने काढलेला फोटो लागलाय. सासरे-सासूबाई बागेत, मागे गुलाब. आणि काढलाय कशावर, तर मोबाइलवर! शेजारी मी काढलेला फोटो होता, तिथे आता घड्याळ. मेव्हणीला विचारलं तर म्हणाली, तुमच्या फोटोत बाबा कुठले आणि पडदा कुठला तेच कळत नव्हतं. साडू खो खो हसला. हसून घे लेका. एप्रिलमध्ये सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. त्या दिवशीचा फोटो मी काढणार आणि सोफ्याच्या वर तोच लागणार. नवा कॅमेरा घेतो. उद्याच.

८ जानेवारी
दुकानात गेलो. घेणारच होतो. दुकानदार सहज बोलून गेला, पुढचं मॉडेल मार्चमध्ये येतंय. हातातला खाली ठेवला. सूड उगवायचा तर शिळ्या हत्याराने कशाला?

२ फेब्रुवारी
अभ्यास जोरात. जेवताना व्हिडिओ, ऑफिसात व्हिडिओ. फोटो अजून एकही काढला नाही, पण पाया भक्कम होतोय. बायको म्हणते, जुन्या कॅमेऱ्यावर तरी हात बसवा. तिला यातलं काय कळतंय!

२० फेब्रुवारी
परत दुकानात. तिथले सेल्समन मला आता ‘पाहुणे’ म्हणतात. प्रेम आहे त्यांचं.

५ मार्च
साडूचा फोन! शत्रू आपल्या पायांनी चालत आला. म्हणे, दादा, कॅमेरा घ्यायचाय, तुमचा अभ्यास दांडगा, तुम्हीच सांगा कुठला घेऊ. सांगितलं, आत्ता आहे तेच मॉडेल घे, आजच घे, पुढच्याची वाट बघणारे मूर्ख. फोन ठेवल्यावर एकटाच हसत बसलो. एप्रिलमध्ये त्याच्या हातात जुना डबा, माझ्या हातात नवंकोरं यंत्र. झोप छान लागणार.

२९ मार्च
नवं मॉडेल लांबलं. कसला तरी सुटा भाग मिळत नाहीये म्हणे. दुकानदार म्हणाला, सध्याचा एकच पीस उरलाय, घेऊन टाका. म्हणजे साडूच्याच पंगतीला जाऊन बसू? साफ नाही म्हणालो. बाणेदारपणा अंगातच असावा लागतो.

१३ एप्रिल
नवं आलं नाही. जुनं संपलं. दुकानदाराच्या चेहऱ्यावर मला तरी पश्चात्ताप दिसला नाही.

१८ एप्रिल
समारंभ झाला. माझा जुना कॅमेरा नेला होता, आयत्या वेळी चालूच होईना. साडूने स्टँड लावला, टायमर लावला आणि धावत येऊन आमच्यात उभा राहिला. त्याआधी सगळ्यांसमोर म्हणाला, कॅमेरा दादांनी निवडून दिलाय, श्रेय त्यांचं. टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. गोड बोलून गळा कापतो मेला! असो. त्या मॉडेलमध्ये मागची रांग धूसर येते असं मी स्वतः वाचलंय. मी मुद्दाम मागे उभा राहिलो. धूसर आलो की सगळ्यांना दाखवीन.

४ मे
फोटो लागला. अर्धी भिंत व्यापलीय. मागची रांग जराही धूसर नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. मी साडूकडे बघतोय. दात आवळलेले, डोळे बारीक, कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. खाऊ की गिळू असा चेहरा. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्या दिवशी आमचं काही चुकलं का हो?

संध्याकाळी दुकानदाराचा फोन. नवं मॉडेल आलं, पहिला पीस तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. म्हणाला, आधीच्यापेक्षा चेहरे कितीतरी स्पष्ट येतात.

नको म्हणून सांगितलं.