जिनेशचं अ‍ॅव्हरेज

२१ एप्रिल

आज गाडीतून स्टेपनी काढली. जॅक, पाना, माझी छत्री, माझ्या सासूबाईंची, मम्मीजींची पाठीची उशी — सगळं पार्किंगमध्ये. वजन कमी केलं की अ‍ॅव्हरेज वाढतं. समोरचे मोतीलालभाऊ बघत उभे होते. जिनेश त्यांना म्हणाला, आता काढण्यासारखा सामानाचा एकच डाग राहिलाय. आणि माझ्याकडे बोट केलं. मोतीलालभाऊ हसले. मीही हसले. का हसले, कोण जाणे.

हे सगळं त्या स्पर्धेपायी. इथल्या व्यापारी मंडळाने ठेवलीय, जूनमध्ये — जळगाव ते धुळे आणि परत, सगळ्यात कमी पेट्रोलमध्ये जो जाऊन येईल तो पहिला. तेव्हापासून नवऱ्याचं हार्डवेअरच्या दुकानात लक्ष नाही. गाडी, गाडी आणि गाडी.

२४ एप्रिल

तो सांगतो ते चुकीचं नसतं, हीच तर पंचाईत आहे. एअर फिल्टर काढून दाखवला — काळाठिक्कर, गच्च. नवा टाकल्यावर गाडी खरंच हलकी चालायला लागली. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. क्लचवर उगाच पाय ठेवायचा नाही. सिग्नल लांबून दिसला की तिथूनच अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, गाडी आपोआप मंदावते, ब्रेकची गरजच पडत नाही. ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं पेट्रोल मातीत गेलं, असं तो म्हणतो. पटतं मला.

मला शिकवायला बसवलं होतं. गिअर उशिरा बदलला. हातातल्या हवेच्या गेजने त्याने माझ्या बोटांवर मारलं. जोरात नाही. पण मारलं. मागून मम्मीजी म्हणाल्या, लक्ष कुठंय तुझं, विधी?

बॉनेट पुसताना मात्र किती हळुवार असतो त्याचा हात.

२८ एप्रिल

आज एरंडोलच्या पुढे मला रस्त्यात उतरवलं.

माझ्यासकट किती अ‍ॅव्हरेज पडतं ते पाहून झालं होतं. आता माझ्याशिवाय पाहायचं होतं. पारोळ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला. पाण्याची बाटली गाडीतच राहिली. सावली नव्हती, एक वाळलेली बाभूळ होती. ओढणी डोक्यावर घेऊन उभी राहिले. ट्रकवाले हॉर्न वाजवून जात होते.

शेतातून एक म्हातारी आली. गाडी बिघडनी का, म्हणाली. मी नाही म्हटलं. मग तिने विचारलं, "नवरा कोठे शे तुना?"

काय सांगणार? येतील म्हटलं. तिने तिच्या कळशीतलं पाणी दिलं आणि तो येईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. भिकुबाई तिचं नाव. तो आला, तेव्हा तिच्याकडे बघितलंही नाही. खूश होता. "बघ, तू नसलीस की किती फरक पडतो," म्हणाला. जळगावपर्यंत तेच.

१० मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. माझं माहेर पहूरला. दादा-वहिनी दीपनगरहून येणार होते. जिनेश म्हणाला, स्पर्धेआधी गाडी फालतू कामाला काढायची नाही. एसटीने जाते म्हटलं, तर मम्मीजी म्हणाल्या की आखाजीला सून एसटीने गेली तर लोक माझ्या मुलाला काय म्हणतील?

गेले नाही. दुपारी मंदिरातल्या बायका आल्या होत्या. मम्मीजी त्यांना सांगत होत्या, "माझ्या जिनूला मशीन कळतं. हिला माणूससुद्धा कळत नाही." मी त्याच बायकांना सरबत देत होते.

१९ मे

धुळ्यात, हॉस्पिटलच्या बाकावर. इथेच लिहितेय. कुणाशी तरी बोलायला पाहिजे.

काल मम्मीजींना हिनादीदींकडे सोडायला निघालो. हिनादीदी म्हणजे जिनेशची मोठी बहीण, धुळ्यात दिलेली. सकाळी निघू म्हणत होते मी. याने टायर, ऑइल, प्लग बघण्यात दुपार केली. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

हायवेला लागल्यावर याने काचा वर केल्या आणि लॉक करून टाकल्या. एसी बंदच. एसी पेट्रोल खातो, आणि या स्पीडला उघड्या काचांतून वारा शिरला की गाडी मागे ओढली जाते. स्पर्धेत असंच चालवायचं आहे, सवय करा, म्हणाला. मम्मीजी मागे होत्या. सुरुवातीला म्हणाल्या, जिनू म्हणतो तसं करू दे, तो उगाच नाही करत.

एरंडोलपर्यंत त्या नवकार मंत्र म्हणत होत्या. मग थांबल्या. मी मागे वळून पाहिलं — तोंड लालबुंद, घाम अजिबात नाही. मी म्हटलं, काचा उघडा. तो म्हणाला, झोपलीय ती. मी हाक मारली. उत्तर नाही. मान एका बाजूला लटकलेली. मी त्याचा हात धरला, विनवलं, ओरडले. तो मीटरकडे बघत होता. "पारोळा येऊ दे. इतकं चांगलं अ‍ॅव्हरेज कधी पडलं नाही."

मी चालत्या गाडीचं दार उघडलं.

त्याने ब्रेक मारला तेव्हा कुठे गाडी थांबली. त्याचा पहिला शब्द — "मारायला लावलास ना ब्रेक!"

मागचं दार उघडून मम्मीजींना हात लावला तर अंग तव्यासारखं. ओढणी भिजवून अंगावर टाकली. मग मात्र तो घाबरला. धुळ्यापर्यंत एसी लावून, काचेवर डोकं आपटेल अशी गाडी पळवली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. किडनीवर परिणाम झालाय. अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

मी फॉर्मवर सही करून परत आले, तेव्हा जिनेश हिनादीदींना सांगत होता की विधीला धूळ चालत नाही. तिनेच काचा उघडू दिल्या नाहीत. एसी बिघडला होता.

मी तिथेच उभी होते! त्याने माझ्याकडे बघितलं. सांगतच राहिला.

२० मे

हिनादीदी दिवसभर आत, मम्मीजींपाशी. मला आत सोडत नाहीत. बाहेर बसून आहे. चहासुद्धा कुणी विचारला नाही.

२२ मे

मम्मीजी चांगल्या शुद्धीवर आहेत. आज सगळ्यांना भेटू दिलं. हिनादीदींचे सासरे सुभाषचंदजी आले होते, त्यांनीच विचारलं — नेमकं काय झालं हो? मला वाटलं, सुटले. आता त्या बोलतील.

मम्मीजींनी आधी जिनेशकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे. आवाज अगदी बारीक, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"विधीनं लावल्या काचा."

२३ मे

जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२६ मे

हिनादीदींच्या हॉलमध्ये सगळे जमले. मम्मीजी सोफ्यावर, पाठीशी उशा. जिनेशने काल बजावलं होतं — माफी माग, विषय संपव, नाहीतर मी पोलिसांत सांगेन की तू आईला मारायला निघाली होतीस. दार उघडलं होतंस ना चालत्या गाडीचं? कोण विश्वास ठेवेल तुझ्यावर?

मी मम्मीजींच्या पायाशी बसले. मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. हळू म्हटलं, तर हिनादीदी म्हणाल्या, नीट, मोठ्याने. आणि मानेवर हात ठेवून माझं डोकं खाली दाबलं. पुन्हा म्हटलं. सुभाषचंदजी म्हणाले की चूक कबूल करणारं माणूस मोठंच असतं. मग श्रीखंड वाढलं. मी वाढलं.

त्यानंतर असं झालंय की मलाच कधी कधी वाटतं — काचा मीच तर लावल्या नव्हत्या? डोळे मिटून ते बटण आठवते. बटण त्याच्या दारावर होतं. त्याच्याच. पुन्हा पुन्हा आठवते.

२ जून

जिनेश पहिला आला. एकटाच होता गाडीत.

संध्याकाळी सत्कार. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं, नवी साडी नेसवून. त्याने छान भाषण केलं. हवा दर आठवड्याला बघा. फिल्टर साफ ठेवा. गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा. घाई करू नका, एकसारख्या वेगाने चालवा. लोक मान डोलवत होते, काहीजण मोबाइलवर शूटिंग करत होते.

मग आवाज जड केला. म्हणाला, "पण गाडीत म्हातारं माणूस असेल तर एसी लावा हो. पेट्रोल माणसापेक्षा मोठं नाही. निष्काळजीपणा काय करतो, हे आमच्या घराने नुकतंच भोगलंय. मी माफ केलंय. घर म्हटलं की माफ करावं लागतं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मग टाळ्या. उभं राहून टाळ्या.

मीसुद्धा उभी राहिले. सगळे उभे होते म्हणून.

३ जून

तो दुकानात गेल्यावर बॅग भरली आणि भुसावळच्या एसटीत बसले. कुणाला सांगितलं नाही. दीपनगरला दादाच्या क्वार्टरवर पोचले. वहिनीने दार उघडलं, काही न विचारता बॅग आत घेतली. मग मी रडले.

६ जून

जिनेशचा मेसेज — किती दिवस नाटक करणार? पार्किंगमधलं सामान तसंच पडलंय, ते कोण उचलणार?

उत्तर दिलं नाही. दादा म्हणतो, विचारायचं ते आम्ही विचारू, तू खा-पी. पण रात्रंदिवस एकच — सगळे मला काय समजत असतील? मम्मीजींना आठवेना म्हणून त्या चुकून तसं बोलल्या असतील का? आजारी होत्या. वयही झालंय. चुकून बोलल्या असतील.

९ जून

हिनादीदींचा फोन. आवाज एकदम मऊ. मम्मीजींचं सगळं अंथरुणात करावं लागतं, हिनादीदींच्या एकटीच्याने होत नाही, जिनेशकडे कुणी नाही. तू ये. मी म्हटलं, ज्यांना वाटतं मी मम्मीजींना मारायला निघाले होते, त्यांच्याकडे कशी येऊ?

"अगं वेडे, असं कुणाला वाटतंय? आईने शुद्धीवर आल्या-आल्या मला सांगितलं होतं, काचा जिनूने लावल्या म्हणून. आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं."

मला धीर द्यायला सांगत होत्या त्या.