नऊ आणि मी

रवि. ५ नोव्हें. १९६१, रेवदंडा
थोरला भाऊ बायकापोरांसह इस्रायलला गेला. आता गावच्या सिनेगॉगमध्ये आम्ही पुरुष बरोबर दहा. एक जरी कमी पडला तरी सामुदायिक प्रार्थना होत नाही, म्हणून दर शुक्रवारी मुंबईहून रेवसची लाँच धरून मी घरी. हॉटेलवाल्याने बँडमधून काढलं ("अहो, लोकांना नाचता येईल असं वाजवा!") त्याचे उपकारच मानतो. नाहीतर शब्बाथची, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतची, सुटी कसली मिळते! पोटाला सिनेमाच्या स्टुडिओतलं व्हायोलिन आहे.

बुध. ८, मुंबई
आमच्या पियानोवाल्या फ्रान्सिसने हॉल मिळवला!! शनि. २५, सायं. साडेसात. सगळं माझं जॅझ, पहिल्यांदाच. जिना उतरताना लक्षात आलं, शनिवार. शब्बाथला प्रवास नाही, म्हणजे शुक्रवारपासून मुंबईतच. तिकडे नऊ.
तालीम भिकार. प्रत्येकाने आपापल्या चालीने जायचं, शेवटी एका जागी भेटायचं, एवढंच तर सांगतोय. ड्रमवाला डिकी: "कुठल्या जागी, बाबा?" मलाही सांगता येईना.

रवि. १२, रेवदंडा
काल प्रार्थनेत कान देऊन बसलो. एलिजाकाका भरधाव, बाबा रेंगाळत, मामा मध्येच सूर चढवतात. आमेनला मात्र सगळे हजर. अरे, हेच तर शोधतोय मी! आणि इतकी वर्षं समजत होतो, अमेरिकेच्या रेकॉर्डी ऐकून शिकलो. डोळे भरून आले.
मग बाबांना २५ तारखेचं सांगितलं. नारळ सोलत होते. "तू न्हाय तर प्रार्थना न्हाय," एवढंच. रागावले असते तर बरं.

मंगळ. १४, मुंबई
फ्रान्सिसने एक सूर धरून वाट पाहायची, आम्ही येऊन मिळायचं. जमलं! डिकी खदाखदा हसत सुटला. परमेश्वरा, किती देशील.
तरी फ्रान्सिसला विचारलं, तारीख जरा... "छे रे. हॉल पुन्हा मिळायचा नाही."

रवि. १९, रेवदंडा
आईने बाबांना न विचारता आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलला. कार्यक्रम पार पडला की गोड पोहे, फळं, सगळं. बाबा अलिबागला जाऊन आले, एका शब्बाथपुरता माणूस मागायला. तिथलीही माणसं निघून चाललीत.
"बाबा, शुक्रवारी येतो मी. हॉल राहू दे."
"न्हाय. येऊ नको तू."
मान वर केली नाही.

शुक्र. २४, मुंबई
शब्बाथचे दिवे लागले की लिहायचं नाही, त्याच्या आत लिहून घेतो. स्टुडिओत निरोप आला, भाऊच्या धक्क्यावर ये. लाँचमधून बाबा उतरले, मागून एलिजाकाका, मामा... नऊच्या नऊ! "दहा जण जिथं, तिथं प्रार्थना," बाबा म्हणाले. "उद्या इथंच करू. मग तुझं ऐकू."
फ्रान्सिसच्या घरी नऊ पथाऱ्या, एक तर पियानोखाली. त्याची बायको मासळी तळतेय, खवल्यांचीच, आम्हाला चालते ती विचारून आणलेली. माझं पुण्य ते काय, आणि केवढी ही माणसं!
रेवदंड्याच्या सिनेगॉगला आज पहिल्यांदाच कुलूप. एलिजाकाका खिडकीतून रस्ता बघत म्हणाले, "इथं माणसं हायत. तिथलं परत उघडायचं कशाला?"
कोणी हसलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्हायोलिन पुसायला घेतलं.